शाब्ली गार करा, गारठवू नका

व्हाइट वाइन म्हटली की ‘बर्फासारखी थंड करा’ हा सल्ला जो तो देतो. शाब्लीसाठी तो पाळलात, तर चांगली बाटली हकनाक वाया जाईल.

आधी बाटली निवडा. शाब्ली हे फ्रान्समधल्या बरगंडीच्या उत्तर टोकाचं, सरॅं नदीकाठचं गाव; वाइनला नाव त्याचंच. इथे द्राक्ष एकच, शारडोने. लेबलवर चारपैकी एक दर्जा असतो, चढत्या क्रमानं: पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिये क्र्यू आणि ग्रां क्र्यू. कालवांबरोबर (ऑयस्टर) प्यायची असेल तर साधी शाब्लीच घ्या. ती बहुधा स्टीलच्या टाक्यांत तयार होते, त्यामुळे चव लख्ख आणि धारदार राहते. ग्रां क्र्यू भरदार असते, कधी ओकच्या पिंपात मुरलेली, आणि खारट कालवांपुढे ती ओकची चव मला कडवट लागते.

आता तापमान. मी सगळ्यात जास्त चुकलो ते इथेच. एकदा ‘ले क्लो’ या ग्रां क्र्यू मळ्यातली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि पाहुणे बसताच ओतली. तोंडाला नुसता गारवा आणि आंबटपणा! वास जवळजवळ नाहीच. जेवण संपता संपता तळाशी उरलेला शेवटचा ग्लास घेतला, तेव्हा कुठे लिंबाच्या सालीचा, ओल्या दगडाचा, थोडा मधासारखा गंध आला. तोवर बाटली संपली होती. ती चुटपुट आजही आहे.

कारण साधं आहे. थंडीत सुगंधी घटक कमी उडतात, त्यामुळे नाकापर्यंत काही पोचत नाही आणि जिभेवर उरतो तो आंबटपणा. घरचा फ्रिज साधारण 4 अंशांवर असतो. पेती शाब्लीला 8 अंश पुरतात, साध्या शाब्लीला 10 ते 11, ग्रां क्र्यूला 12 ते 14. म्हणून फ्रिजमधली साधी शाब्ली ओतण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, ग्रां क्र्यू त्याहून जास्त वेळ. खोली उबदार असेल तर वेळ कमी करा.

बाटली गार केलेलीच नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. नुसता बर्फ भरू नका. तुकड्यांमधल्या हवेमुळे बाटली हळू गार होते, पाणी मात्र तिला सगळीकडून भिडतं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मग बाटली बाहेर काढा. जेवणभर बादलीत बुडवून ठेवली की पुन्हा तीच चूक. आणि ग्लासात बर्फ? कधीही नको.

ग्लास एक तृतीयांशच भरा.

जेवणात पहिला मान कच्च्या कालवांचा. शाब्लीच्या किमरिज मातीत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या छोट्या कालवांचे जीवाश्म सापडतात, म्हणून वाइनला कालवांची चव येते, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मुलूख थंड आहे, द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो आणि लिंबू पिळल्यावर होतं तसंच त्या खारटपणाशी त्याचं जमतं. म्हणूनच कालवांवर वेगळं लिंबू पिळू नका, दोन आंबट एकमेकांना मारतात.

तिथल्या पाककृतींतली लसूण-लोण्यातल्या गोगलगायींची आणि चीज घालून भाजलेल्या फुगीर ‘गुझेर’ची जोडी हमखास जमते. शेळीच्या दुधाचं ताजं चीजही छान. ग्रां क्र्यू उघडलीच तर क्रीमच्या सॉसमधला मासा किंवा लॉबस्टर करा. तिखट आणि गोड सॉस मात्र टाळा. तिखटानं आंबटपणा जिभेला झोंबतो आणि गोडापुढे वाइन पाणचट लागते.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. तेवढी प्यायची नसेल तर बारीक कांदा, टोमॅटो आणि क्रीमबरोबर आटवून हॅमच्या कापांवर ओता. शाब्ली गावात हॅम असंच करतात.