स्क्रिप्ट लिहून झाली, आता वाचणार कोण?

स्क्रिप्ट संपली की पहिला मोह होतो तो एखाद्या मोठ्या डायरेक्टरला इन्स्टावर मेसेज टाकायचा. टाका हवं तर, पण तिथे तुमच्यासारख्या शेकडो जणांचे मेसेज न उघडता पडलेले असतात. आणि तसंही नवीन माणसाची स्क्रिप्ट डायरेक्टर सहसा आधी वाचतच नाही. प्रॉडक्शन हाऊसकडे किंवा एजंटकडे वाचायचंच काम करणारा एक रीडर असतो, तो वाचून छोटा रिपोर्ट लिहितो, त्याला कव्हरेज म्हणतात. त्यात कथेचा सारांश, त्याचं मत आणि शेवटी एक शब्द, पास, कन्सिडर नाहीतर रेकमेंड. इथला पास म्हणजे तुम्ही पास झालात असं नाही हं, पास म्हणजे नको. मला हे माहीत नव्हतं तेव्हा पास ऐकून मी घरी पेढे द्यायच्या बेतात होतो.

तर तुमची गोष्ट साहेबांपर्यंत जाते ती या रीडरच्या तोंडून, म्हणून ती त्याला पटकन सांगता आली पाहिजे. त्यासाठी लॉगलाइन. एक वाक्य, फार तर दोन. 'एका माणसाच्या आयुष्यातल्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी' ही लॉगलाइन नाही, हे काहीच नाही. आता हे बघा: 'ऐकू येईनासं झालेला जहाजावरचा रेडिओ ऑपरेटर नोकरी जाईल म्हणून ते लपवतो, आणि एका वादळी रात्री मदतीची हाक येते.' कोण आहे, काय लपवतोय, कुठे अडकणार, सगळं आलं, आणि पुढे काय झालं हे समोरचा स्वतःहून विचारतो. असं वाक्य जमत नसेल तर बऱ्याचदा घोळ स्क्रिप्टमध्येच असतो, हे कटू आहे पण अनुभव आहे.

मग पहिली दहा पानं. रीडरपुढे गठ्ठा असतो, त्याचं मत इथेच बनायला लागतं. हिरो अलार्म बंद करून उठतो, दात घासतो, आरशात बघतो, अशी सुरुवात त्याने हजारदा वाचलीय. त्या रेडिओवाल्याला थेट कामावर दाखवा, शेजारचा काहीतरी विचारतो आणि हा त्याच्या ओठांकडे बघून भलतंच उत्तर देतो. झालं, डायलॉगमध्ये काही न सांगता सगळं कळलं.

फॉरमॅटवर जास्त बोलत नाही. इंग्रजी स्क्रिप्ट असेल तर कुरियर नावाचा फॉन्ट, १२ पॉइंट, साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, फीचर म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमा ९० ते १२० पानांत, पीडीएफ करूनच पाठवा. कॅमेरा अँगल लिहू नका, ते तुमचं काम नाही.

पाठवण्याआधी कॉपीराइट किंवा लेखक संघटनेकडे रजिस्ट्रेशन करून घ्या. नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही, लिहिलेल्या मजकुराला मिळतं. न मागता आलेली स्क्रिप्ट बऱ्याच कंपन्या उघडतच नाहीत, कारण उद्या तसाच सिनेमा आला तर चोरीची केस नको. म्हणून आधी फक्त लॉगलाइनचा छोटा मेल करायचा, त्यांनी मागितली तरच स्क्रिप्ट, आणि त्यांनी रिलीज फॉर्म, म्हणजे उद्या मिळताजुळता सिनेमा आला तरी केस करणार नाही असा कागद, पाठवला तर नीट वाचून सही. मेलमध्ये 'माझ्या मित्रांना खूप आवडली' लिहू नका प्लीज.

ओळख नसेल तर स्पर्धा आणि लॅब, म्हणजे निवडलेल्या स्क्रिप्टवर काम करून घेणारी कार्यशाळा, हा त्यातल्या त्यात सरळ रस्ता. ऑस्करवाल्या अकॅडमीची निकोल फेलोशिप १९८६ पासून चालू आहे, अमेरिकेतल्या सनडान्स संस्थेची लॅब आहे. ब्लॅक लिस्ट २००५ मध्ये सुरू झाली ती इंडस्ट्रीतल्या लोकांना आवडलेल्या पण न बनलेल्या स्क्रिप्टची यादी म्हणून, आता तिच्या साइटवर पैसे भरून स्क्रिप्ट ठेवता येते, रिव्ह्यू घेता येतो. पण दिसेल त्या स्पर्धेला फी भरत सुटू नका, आधीच्या विजेत्यांचं पुढे काय झालं ते शोधा, काहीच सापडलं नाही तर पैसे वाचवा.

दुसरा रस्ता म्हणजे स्क्रिप्टमधलाच एखादा सीन घेऊन पाच-सात मिनिटांची शॉर्टफिल्म करायची. वाचायला वेळ नसलेला माणूस तेवढं बघतो.

मेल केल्यावर तीन-चार आठवडे थांबा, मग एकदाच आठवण करून द्या. तोवर दुसरी स्क्रिप्ट सुरू करा, कारण मीटिंग मिळाली की पहिली कितीही आवडलेली असो, 'अजून काय आहे तुमच्याकडे?' हा प्रश्न येतोच.