विज्ञान प्रदर्शनासाठी: अंतराळातलं शरीर घरच्या खाटेवर कसं दाखवायचं

देवगड असो की गुहागर, शाळेचं प्रदर्शन म्हटलं की ज्वालामुखी ठरलेला. यंदा पोरांना वेगळं काही करायचं असेल तर हे बघा, खर्च जवळपास शून्य.

आधी गैरसमज काढा. वर गुरुत्वाकर्षण नसतं असं सगळे सांगतात पण स्पेस स्टेशन साधारण ४०० किमीवरच आहे आणि तिथे ते इथल्या ९० टक्क्यांच्या आसपास असतंच, फक्त स्टेशन आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढून माडीवरून सोडा, पडताना धार बंद! स्लो मोशनमध्ये शूट करा नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता मेन आयटम. ६ फुटी खाट, पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली ७ इंची जांभा चिरा एकेक, डोकं जवळपास ६ अंश खाली जातं, संशोधक लोकांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात तो हाच कोन. उशी नको. आधी पोटरीचा घेर टेलरच्या टेपने मोजा (पेनाने खूण करा, फरक मिलिमीटरचाच असतो), चेहऱ्याचा फोटो काढा, अर्ध्या तासाने परत. रक्त-पाणी डोक्याकडे सरकतं, नाक चोंदल्यासारखं होतं. अंतराळातही सुरुवातीला हेच, तोंड सुजतं नि पाय काटकुळे. बीपी किंवा काचबिंदू असलेल्यांना झोपवू नका.

कानातला तोल सांभाळणारा भागही गोंधळतो, निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस चक्क बोट लागते, हे आपल्याकडे वेगळं समजवायला नको.

हाडं-स्नायू घरी दाखवता येत नाहीत, तिथे चार्ट लावा. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का घटते म्हणून वर रोज दोन तास व्यायाम. उंदरांचंही तेच. लॅबमध्ये शेपटीने उचलून मागचे पाय अधांतरी ठेवतात, तर त्या पायांचे स्नायू नि हाडं रोडावतात आणि पुढचे भार घेणारे पाय बरेचसे टिकतात, मला तरी सगळ्यात पटणारा पुरावा हाच वाटतो कारण फरक एकाच प्राण्यात दिसतो. घरचा उंदीर पकडून हे करू नका, प्लीज.

खाटेवरच्या पोराला उठवताना घाई नको, आधी बसवा, दोन मिनिटं थांबा, मग उभं करा. परत आलेल्या अंतराळवीरांनाही उभं राहिलं की चक्कर येते, रक्त पायात उतरतं नि डोक्याला कमी पडतं.