सर्व्हर रूमच्या विजेवर नजर ठेवण्याचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामावर रुजू झालेला माणूस पहिल्या दिवशी डॅशबोर्ड उघडून बसतो. त्याने आधी टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं उपकरण) आणि कोरा कागद घ्यावा. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे खाली कुठेतरी बसवलेल्या मीटरने केलेला दावा. तो खरा आहे की नाही हे तपासता येणं, यातच या कामाचा निम्मा भाग येतो.

कागदावर विजेचा रस्ता काढा: ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, जनरेटरचा चेंजओव्हर (मुख्य वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच), यूपीएस, वितरण पॅनेल, रॅकमधला पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणारी पट्टी) आणि शेवटी सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय. प्रत्येक टप्प्यावर ब्रेकरचं रेटिंग, सीटीचं (मोठा करंट लहान करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर, मीटरचा संवादासाठी दिलेला पत्ता आणि तो आकडा कुठल्या स्क्रीनवर दिसतो, एवढं लिहा. जुन्या नकाशावरून उतरवून घेऊ नका. पॅनेलवर ‘रॅक ७’ अशी चिठ्ठी असते आणि केबल रॅक ९ मध्ये गेलेली असते, हे अगदी सर्रास आढळतं. खात्री करायला ब्रेकर पाडून बघायचा नसतो. केबल ट्रेसर वापरायचा किंवा नियोजित बंदची वाट पाहायची. चालू पॅनेल उघडायचं ते अधिकृत इलेक्ट्रिशियनच्या हातूनच, आपण शेजारी उभं राहून आकडे टिपायचे.

सर्वांत जास्त चुका सीटीपाशी होतात. पॅनेलमधला सीटी २००/५ चा (म्हणजे २०० अँपिअरला ५ अँपिअर देणारा) आणि मीटरमध्ये सेटिंग १००/५ चं, तर प्रत्येक आकडा निम्मा दिसतो. ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते, कारण आलेख नेहमीसारखाच वर-खाली होत असतो. उलटा बसलेला सीटी मात्र जरा लक्ष दिलं की सापडतो. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल आणि एका फेजचा सीटी उलटा असेल, तर एक अधिक एक वजा एक, म्हणून एकूण किलोवॅट खऱ्याच्या एक तृतीयांश दिसतात. आर आणि वाय फेजचे सीटी एकमेकांच्या जागी गेले, तर आणखी मजा होते. त्या दोन्ही फेजवर व्होल्टेज आणि करंट यांच्यात १२० अंशांचा कोन पडतो, प्रत्येकी वजा अर्धा हिशेब येतो आणि एकूण बेरीज जवळपास शून्य होते. अँपिअर तिन्ही फेजवर अगदी बरोबर दिसत राहतात. म्हणून नुसते अँपिअर जुळले यावर समाधान मानू नका. प्रत्येक फेजचे किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) वेगवेगळे वाचा. सर्व्हरच्या लोडवर पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असायला हवा. एखाद्या फेजवर तो ०.५ किंवा ऋण दिसला, तर दोष लोडमध्ये शोधण्याआधी वायरिंगमध्ये शोधा.

सीटीचा आकारही पाहा. ०.५ वर्गाचा सीटी पूर्ण करंटला अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, पण रेटिंगच्या ५ टक्क्यांवर त्याला दीड टक्क्याची मुभा असते आणि त्याखाली कसलीच हमी नसते. २०० अँपिअरच्या सीटीवर ६ अँपिअरचा लोड मोजून त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट पाठच करा: प्राथमिक बाजूला करंट वाहत असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी ठेवायची नाही. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. मीटर काढण्याआधी शॉर्टिंग लिंक (दुय्यम बाजूची दोन टोकं जोडणारी पट्टी) लावायची.

आता रॅककडे. इथला हिशेब साधा वाटतो, आणि म्हणूनच फसवतो. रॅकला ए आणि बी असे दोन फीड (वीजपुरवठ्याच्या वाटा), प्रत्येकावर ३२ अँपिअरचा ब्रेकर, अलार्म ८० टक्क्यांवर म्हणजे २५.६ अँपिअरवर. ए वर २४, बी वर २३. दोन्ही हिरवे. ए फीड गेला की सगळा भार बी वर येतो आणि तिथे ४७ अँपिअर होतात. नेहमीचा एमसीबी (छोटा ब्रेकर) रेटिंगच्या १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडतो. ३२ साठी तो आकडा ४६.४ आहे. म्हणजे दुसरा फीडही जाणार आणि रॅक अंधारात. गरम बंदिस्त पॅनेलमध्ये ब्रेकर याहून लवकर पडतो. म्हणून अलार्म ए आणि बी यांच्या बेरजेवर लावायचा: बेरीज २५.६ च्या वर गेली की सूचना, म्हणजे एका फीडवर साधारण १२.८ अँपिअरच. बहुतेक सॉफ्टवेअर ही बेरीज आपणहून करत नाही. दोन पीडीयूंची जोडी हाताने बांधावी लागते. जोडी बांधताना दोन्ही प्लग खरंच वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत ना, हे कागदावरच्या रस्त्यावरून तपासा. ए आणि बी नाव दिलेले दोन्ही पीडीयू एकाच यूपीएसवर सापडणं, ही या क्षेत्रातली फार जुनी गंमत आहे.

मीटरपासून सॉफ्टवेअरपर्यंतच्या वाटेत मॉडबस आणि एसएनएमपी हे दोन प्रोटोकॉल (उपकरणांच्या आपसात बोलण्याच्या भाषा) बहुतेक ठिकाणी भेटतात. मॉडबसच्या आरएस-४८५ जोडणीची तार एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यायची, फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला. दोन मीटरना एकच पत्ता दिला गेला, तर दोघंही मधूनच गायब होतात. रजिस्टरचा (मीटरमध्ये आकडा ठेवलेल्या कप्प्याचा) क्रमांकही फसवा असतो: मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि सॉफ्टवेअरला शून्य हवा असतो. ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट (दशांशाच्या) संख्येत दोन शब्दांचा (१६ बिटांच्या दोन अर्ध्यांचा) क्रम उलटा वाचला गेला, तर नेमकं २३०.० व्होल्ट असताना स्क्रीनवर शून्य येतं आणि २३०.४ असताना चोवीस अंकी संख्या. असं काही दिसलं की मीटर बदलायला धावू नका, वर्ड ऑर्डरचं सेटिंग बदला. एसएनएमपीमध्ये यूपीएससाठी १९९४ सालचं आरएफसी १६२८ (इंटरनेट मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) प्रमाण आहे. त्यात आउटपुट करंट आणि फ्रिक्वेन्सी एक दशांशाच्या एककात येतात, त्यामुळे ५०० दिसलं तर ते ५०.० हर्ट्झ असतं. कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा एक प्रकारचा पासवर्ड) ‘पब्लिक’ अशीच सोडून देऊ नका. शक्य असेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरा.

यूपीएसच्या स्क्रीनवर ‘बॅटरी १०० टक्के, ३२ मिनिटं’ असं दिसतं. तो अंदाज आहे. फ्लोट चार्जिंगवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या चार्जिंगवर) १२ व्होल्टचा प्रत्येक ब्लॉक (एक सुटी बॅटरी) २५ अंश तापमानाला साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दाखवतो, आणि मरणपंथाला लागलेला ब्लॉकही बरेचदा तेवढेच दाखवतो. खरी अवस्था कळते ती अंतर्गत रोध वाढत चालल्याने किंवा प्रत्यक्ष डिस्चार्ज करताना व्होल्टेज कसं पडतं त्यावरून. बॅटऱ्या नव्या असतानाच प्रत्येक ब्लॉकचा रोध मोजून ठेवा. पुढे तुलनेला तोच आधार. तापमानाचा सेन्सर बॅटरीपाशी लावा, खोलीच्या दाराशी नव्हे. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं.

नजर ठेवायची ती कूलिंगच्या विजेवरही. एसी बहुधा यूपीएसवर नसतात. वीज गेली, सर्व्हर चालू राहिले, जनरेटरही आला, पण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दाटीवाटीच्या खोलीत तापमान झरझर चढतं. मुख्य विजेच्या अलार्मशेजारी रॅकच्या पुढच्या बाजूचं तापमान आणि जनरेटरच्या स्टार्टिंग बॅटरीचं व्होल्टेज ही दोन्ही माहिती हवीच. जनरेटर सुरू न होण्यामागे फार वेळा तीच बॅटरी निघते.

मीटरचा आकडा मिनिटाला एकदा घेत असाल, तर अर्ध्या सेकंदाचा व्होल्टेजचा झोल (क्षणभर खाली येणं) तुम्हाला दिसणारच नाही. सर्व्हरचे पॉवर सप्लाय साधारण २० मिलिसेकंदांपर्यंतच पूर्ण खंड सहन करतील या हिशेबाने बनवलेले असतात. त्यामुळे ‘वीज गेलीच नाही, तरी सर्व्हर रीस्टार्ट कसा झाला’ या प्रश्नाचं उत्तर मिनिटाच्या आलेखात मिळत नाही. मुख्य इनकमरवर (वीज आत येते त्या पहिल्या ब्रेकरवर) झोल पकडून नोंदवणारा पॉवर क्वालिटी मीटर एक तरी असावा, आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळलेली असावीत. नाहीतर आधी ब्रेकर पडला की आधी व्होल्टेज पडलं, यावर बैठकीत तासभर जातो.

पीयूई (केंद्र वीज किती काटकसरीने वापरतं याचं माप) काढायला फार अक्कल लागत नाही: संपूर्ण केंद्राची ऊर्जा भागिले आयटी उपकरणांची ऊर्जा. फक्त दोन्ही आकडे त्याच कालावधीचे किलोवॅट-तास असू द्या आणि आयटीचा भाग यूपीएसच्या आउटपुटवर मोजला की पीडीयूवर, ते लिहून ठेवा. एका क्षणाच्या किलोवॅटवरून काढलेला पीयूई अहवालात देऊ नका.

शिकण्याचा क्रम विचाराल, तर आधी तीन फेजची वीज, मग सीटी आणि मीटर, मग मॉडबस, आणि सॉफ्टवेअर शेवटी. नेटवर्ककडून आलेले लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळतात आणि इलेक्ट्रिककडून आलेले तिसरी. दोन्ही बाजूंची भाषा येणाऱ्याला या कामात मागणी असते, कारण बिघाड बहुधा दोन विभागांच्या मधल्या फटीत असतो.

पहिल्या महिन्यात एक चाचणी मागून घ्या. नियोजित वेळी यूपीएसचा इनपुट बंद करायला सांगा आणि घड्याळ लावून बसा: कोणता अलार्म आला, किती सेकंदांनी, कोणाच्या फोनवर. अलार्म पाठवणारा सर्व्हर, त्याचा नेटवर्क स्विच आणि बाहेरची लाइन यांपैकी एखादी गोष्ट यूपीएसशिवाय साध्या विजेवर असल्याचं बरेचदा याच वेळी उघड होतं.