चर्चच्या वेबसाइटची प्रायव्हसी पॉलिसी: आम्ही ती कशी लिहिली

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतल्या एका काकूंनी चर्चच्या वेबसाइटवरून प्रार्थनेची विनंती पाठवली. भाचीला फिट्स येतात, तिच्यासाठी प्रार्थना करा, एवढंच. तेव्हा आमच्या साइटवर आलेली प्रत्येक विनंती 'प्रार्थना विषय' या पानावर नाव-आडनावासकट आपोआप दिसायची. सहा महिन्यांनी त्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. समोरच्यांनी तिचं नाव गूगलवर टाकलं आणि आमच्या चर्चचं पान वर आलं. काकू माझ्याकडे आल्या, पण रागावल्या नाहीत. "अगं, मी देवाला सांगितलं होतं, गावाला नाही," एवढंच म्हणाल्या.

मी नाशिकच्या एका मराठी मंडळीची सेक्रेटरी आहे. सीबीएस बस स्थानकाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात २२ वर्षं टायपिंग केलं, त्यामुळे कायद्याच्या भाषेला घाबरत नाही. काकू येऊन गेल्या त्या रात्री मी आमच्या साइटवरची प्रायव्हसी पॉलिसी, म्हणजे लोकांची माहिती आम्ही कशी घेतो आणि जपतो हे सांगणारं पान, पहिल्यांदा नीट वाचली. कोणीतरी एका अमेरिकन चर्चच्या साइटवरून ती उचललेली होती. त्यात 'कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क' असा एक आख्खा परिच्छेद होता, आणि प्रार्थनेच्या विनंतीबद्दल एक शब्दही नव्हता. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: दुसऱ्याची पॉलिसी उतरवून घेऊ नका. तुमच्या चर्चमध्ये नाव, फोन, फोटो कुठे कुठे पडलेले आहेत हे त्या लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

सुरुवात वहीपासून करा. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब, खजिनदार, संडे स्कूलच्या ताई आणि वेबसाइट सांभाळणारा मुलगा यांना एकत्र बसवा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्याकडे लोकांची कोणती माहिती आहे, आणि ती कुठे आहे? आमच्या यादीत सतरा ठिकाणं निघाली. संपर्काचा फॉर्म, शिबिराचा गूगल फॉर्म, तरुण संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दानाचं बँक स्टेटमेंट, कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवरची सभासदांची एक्सेल. सगळ्यात वाईट म्हणजे वार्षिक अहवालाची पीडीएफ. तिच्यात प्रत्येक कुटुंबाचं नाव, मोबाइल नंबर आणि वर्षभराची वर्गणी होती, आणि ती साइटवर चार वर्षं उघडी पडली होती. छापील अहवाल मंडळीत वाटणं वेगळं आणि तोच जगासमोर टांगणं वेगळं. पॉलिसीची पहिली ओळ लिहिण्याआधी ती पीडीएफ काढली.

आता कायद्याचं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, म्हणजे लोकांची डिजिटल माहिती जपण्याचा कायदा, ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेत. 'आम्ही धार्मिक संस्था, आम्हाला काय लागू' असं आमच्या कमिटीतही कोणी म्हणालं होतं. धार्मिक संस्था म्हणून सरसकट सूट या कायद्यात नाही. माहितीची नीट राखण केली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण पॉलिसी दंडाच्या भीतीने लिहायला बसलात की ती वकिली होते आणि मंडळीतलं कोणी वाचत नाही.

कायद्याची एक बाजू आपल्या सोयीची आहे. माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असं तो म्हणतो. म्हणजे मराठी पान ही इंग्रजीची शेपटी नाही. आम्ही आधी मराठीत लिहिलं, इंग्रजी नंतर केलं.

प्रत्येक फॉर्मसाठी चार गोष्टी साध्या वाक्यांत लिहा: काय घेतो, कशासाठी, कोण बघतं, किती दिवस ठेवतो. प्रार्थनेच्या फॉर्मवर आम्ही तीन बैठका घातल्या. शेवटी ठरलेला मजकूर असा:

"तुमची विनंती पाळकसाहेब आणि प्रार्थना गटातले तीन जण वाचतील. ती वेबसाइटवर दिसणार नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाणार नाही. उपासनेत मोठ्याने घ्यायची असेल तर खाली खूण करा. नाव घ्यायचं की नाही तेही सांगा. विनंती दुसऱ्या कोणासाठी असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारा, नाहीतर नाव न लिहिता फक्त 'माझ्या नात्यातली एक व्यक्ती' असं लिहा. ९० दिवसांनी आम्ही विनंती काढून टाकतो."

खुणेचा चौकोन आधीच टिक करून ठेवू नका. कायद्याला संमती स्पष्ट आणि स्वतःहून दिलेली हवी असते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं लागतं. मागे घ्यायला एका मेलवर किंवा ऑफिसात तोंडी सांगितलं तरी चालेल, असं आम्ही लिहिलंय.

लिहिलेलं खरं करून दाखवण्यात मात्र जास्त वेळ गेला. ९० दिवसांनी काढतो असं लिहिलं, मेल डिलीट केले, आणि मग कळलं की आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसला फॉर्मसाठी जोडलेलं प्लगइन प्रत्येक विनंतीची एक प्रत आतल्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि बॅकअपमध्ये आणखी एक राहते. तिन्ही ठिकाणं साफ करायचं काम आता एकाच्या नावावर आहे. जे करू शकत नाही ते पॉलिसीत लिहायचं नाही. '३० दिवस' ऐकायला बरं वाटत होतं, पण आम्हाला जमलं नसतं.

बाप्तिस्म्याच्या वर्गाची चौकशी करणाऱ्या फॉर्मलाही असंच जपा. कोणाच्या घरी अजून सांगितलेलं नसतं. आम्ही त्या फॉर्मवर पत्ता विचारणं बंद केलं आणि 'तुमच्याशी कसं आणि कधी बोलावं?' हा प्रश्न घातला. घरच्या नंबरवर फोन जाणार नाही, हेही लिहिलं.

रजिस्टरचा प्रश्न प्रत्येक जुन्या मंडळीत निघतो. कागदी बाप्तिस्मा रजिस्टर या कायद्यात येत नाही. त्यातल्या हयात माणसांची माहिती स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतली की ती येते. माहिती काढून टाका असं सांगायचा हक्क लोकांना आहे, पण मूळ रजिस्टरातली नोंद खोडायची नसते. चूक असेल तर समासात दुरुस्ती करतात. हे पॉलिसीत साफ लिहा, म्हणजे पुढे वाद होत नाही. नाशिकला या नोंदींचं मोल वेगळं सांगायला नको. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आमच्या शरणपूरला शिकली. १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवासोबत इंग्लंडला पोचलेले जेकब वेनराइट इथलेच विद्यार्थी. अशा माणसांची आठवण कागदानेच धरून ठेवलेली असते.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नाताळच्या नाटकाचे फोटो 'सगळेच टाकतात' म्हणून टाकायचे नाहीत. संडे स्कूलच्या प्रवेश फॉर्मवर दोन वेगळे चौकोन ठेवा: वर्गाच्या ग्रुपवर फोटो चालेल का, आणि वेबसाइटवर चालेल का. आमच्या बऱ्याच आयांनी पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलं. फोटोखाली मुलाचं नाव नको, शाळेचा गणवेश दिसायला नको. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं या कायद्यात मना आहे. म्हणून फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे साइटवर कोण काय बघतं ते फेसबुकला कळवणारा कोडचा तुकडा, तुमच्या साइटवर असेल तर तो काढा. आमच्याकडे तो होता. कोणी, कधी घातला ते कोणालाच माहीत नव्हतं. क्रोममध्ये साइटच्या पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली की कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेच्या फाइली, दिसतात. तिथून शोध सुरू करा.

दानाच्या पानावर ट्रस्टचं पूर्ण नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक द्या. क्यूआर कोड कोणाच्या खासगी खात्याचा नको. '८०जी अंतर्गत करसवलत' (दान देणाऱ्याला आयकरात मिळणारी सूट) ही ओळ प्रमाणपत्र हातात असेल तरच लिहा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ते सहसा मिळत नाही. परदेशातल्या पैशाबद्दल एक वाक्य हवंच. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाचं दान घेता येत नाही, मग तो माणूस नाशिकरोडला वाढलेला का असेना. भारतीय पासपोर्ट ठेवून दुबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेलं दान परदेशी धरलं जात नाही. हा फरक आम्ही पानावरच लिहिला, कारण खजिनदारांना दर नाताळला त्यावरून फोन यायचे.

वापराच्या अटींचं पान अर्ध्या तासाचं काम आहे. कॉपीराइटपुरतं थांबा. उपासनेत गीत गाणं किंवा वाजवणं याला कॉपीराइट कायदा आड येत नाही. त्याचंच रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं की ती मोकळीक गृहीत धरू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे शब्द मोकळे आहेत, ते १९१९ मध्ये वारले आणि लेखकानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण त्यांच्या भजनाला कोणी अलीकडे दिलेली चाल किंवा केलेली ध्वनिफीत मोकळी नसते.

पानाच्या तळाशी तक्रार कोणाकडे करायची ते लिहा, व्यक्तीच्या नावाने नको, पदाच्या नावाने. मेल आयडीही चर्चचा हवा, सेक्रेटरीच्या मुलाचा नको. माहिती फुटली तर ज्यांची ती होती त्यांना आणि या कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाला कळवावं लागतं, तेही लिहा. साइटचे पासवर्ड कोणाकोणाकडे आहेत ते तपासा. आमच्याकडे पुण्याला नोकरीला गेलेल्या दोन मुलांकडे होते. शेवटी मजकूर एकदा ओळखीच्या वकिलांना दाखवा, कमिटीत ठराव करा आणि पानावर तारीख घाला.

प्रसिद्ध करण्याआधी आम्ही ते पान महिला मंडळात मोठ्याने वाचलं. त्याच काकूंनी मध्येच थांबवलं. "प्रार्थना गटातले तीन जण म्हणजे कोण?" आम्ही ती तीन नावं चर्चच्या सूचना फलकावर लावली, आणि पॉलिसीत एक वाक्य वाढवलं: "या तिघांची नावं फलकावर आहेत, त्यातलं कोणी तुमची विनंती वाचू नये असं वाटत असेल तर फक्त पाळकसाहेबांना लिहा." गेल्या महिन्यात काकूंनी त्या फॉर्मवरून पुन्हा एक विनंती पाठवली. कशासाठी ते मला माहीत नाही.