मेडिकल स्कूलमध्ये न्यूरोबायॉलॉजी-अ‍ॅनाटॉमीच्या पीएचडीला येताय? पहिल्या वर्षाची तयारी

अमेरिकेत या नावाचे विभाग आता मोजकेच उरलेत. फिलाडेल्फियाचं ड्रेक्सेल, ह्यूस्टनचं मॅकगव्हर्न मेडिकल स्कूल अशी ठिकाणं पटकन आठवतात. बाकी ठिकाणी पाटीवर नुसतं 'न्यूरोसायन्स' असतं. पाटीवर अ‍ॅनाटॉमी असेल, तर पहिलं वर्ष अर्धंअधिक डिसेक्शन हॉलचं, म्हणजे देहविच्छेदनाचं आहे असं धरूनच बेत आखा. बीएस्सी-एमएस्सी करून येणाऱ्यांना हे सहसा उशिरा कळतं.

निघण्याआधी लसीकरणाचे कागद जमवा. मेडिकल स्कूलमध्ये गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचा पुरावा, हेपटायटिस बीच्या अँटिबॉडीचा रिपोर्ट आणि टीबीची तपासणी मागतात. हे पुरं होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी प्रयोगाच्या उंदरांच्या खोल्यांचं दार तुमच्या कार्डाने उघडत नाही. टीबीची खरी गोम अशी की आपल्याला लहानपणीच बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून आधीच रक्ताची इग्रा चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात आणि बहुधा सुप्त टीबीच्या गोळ्या सुचवतात. त्याने प्रवेश रद्द होत नाही.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात शिरता येत नाही. आल्यावर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात नोंद करा, मग साधारण १० दिवस थांबून पगार-करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज करा. घाई केली तर विमानतळावरची नोंद सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या संगणकात दिसत नाही आणि अर्ज अडकून पडतो. पहिला स्टायपेंड महिनाभर तरी हाती येत नाही, त्यामुळे दोन महिन्यांचं भाडं आणि घराचं डिपॉझिट एवढी रक्कम सोबत हवी. करात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट घेता येते. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ती मिळत नाही. शिवाय पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात लागत नाही. पगाराच्या चिठ्ठीत ती दिसली तर लगेच पेरोलला कळवा.

आता डिसेक्शन. एका टेबलावर चार-सहा जण, बहुतेक एमडीचे विद्यार्थी (इथली एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी). मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा. देहाचा फोटो काढला तर थेट हकालपट्टीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. स्क्रबचा एक जोड फक्त हॉलपुरता ठेवा आणि वेगळा धुवा. नायट्राइलचे हातमोजे दुहेरी घाला आणि मधूनमधून बदला, कारण फॉर्मालिन हळूहळू आत झिरपतं. काम संपलं की उघडा भाग ओल्या टॉवेलने झाका. एकदा वाळला की स्नायू चामड्यासारखा होतो आणि बारीक नसा हात लावताच तुटतात.

सगळ्यांची गाडी अडते ती काखेत, ब्रेकियल प्लेक्सस या हाताच्या नसांच्या जाळ्यापाशी. त्याची मुळं म्हणजे मणक्यांतून निघणाऱ्या सी-५ ते टी-१ या नसा. पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. हे पाठ असतं, तरी समोर नुसती चरबी दिसते. मानेकडून सुरुवात करू नका. पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा छोटा स्नायू बरगड्यांपासून सोडवून वर उलटा. अ‍ॅक्सिलरी व्हेनच्या, म्हणजे काखेतल्या शिरेच्या उपशिरा काढून टाका, धमनी मात्र राखा. मग कोराकोब्रेकियालिस स्नायूत घुसणारी नस शोधा, ती मस्क्युलोक्युटेनियस. तिचा माग काढत वर गेलात की धमनीवर इंग्रजी 'एम' अक्षर दिसतं: बाहेरचा पाय ही नस, मधला मीडियन, आतला अल्नर. कात्री बंद करून आत घालायची आणि आत उघडायची, नेहमी नसेच्या दिशेने; आडवी चालवली की नस गेलीच. 'एम' सापडलाच नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. इथे माणसागणिक फरक भरपूर असतात, शेजारच्या टेबलावर जाऊन पाहा.

परीक्षेत टाचणी लावलेल्या रचनेसमोर मिनिटभर मिळतं. रंगरूपावरून ओळखायला जाऊ नका. ती कुठून येते आणि कुठे जाते ते बघा. टाचणीला हात लावायचा नाही. देहदान करणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वर्षाकाठी स्मरणसभा असते, त्यांचे कुटुंबीय येतात. तिला जरूर जा. घरी फोनवर यातलं किती सांगायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

लॅब रोटेशन, म्हणजे कायमची लॅब निवडण्याआधी वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे दिवस काम, साधारण तीन असतात, प्रत्येकी ८-१० आठवड्यांची. अ‍ॅनाटॉमीच्या सत्रात हलकी लॅब घ्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानगीत (प्रोटोकॉलवर) नाव चढायला वेळ लागतो, ट्रेनिंग पहिल्याच आठवड्यात उरका. परफ्यूजन, म्हणजे उंदराच्या हृदयात सुई घालून द्रवाने रक्त धुऊन काढणं, शिकताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मेंदूच्या केशवाहिन्या तुंबतात आणि रक्त धुतलं जात नाही. यकृत फिकट पडायला हवं. त्याऐवजी नाकातून पाणी आलं तर सुई हृदयाचा पडदा फोडून उजव्या बाजूला गेली, द्रव फुप्फुसात चाललाय. सुई थोडी मागे घ्या.

लॅब निवडताना पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला पैशाचं विचारायला लाजू नका: ग्रँटची किती वर्षं उरली, आणि ती संपली तर स्टायपेंड कोण देणार? एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ-३१ आणि टी-३२ ही विद्यार्थ्यांसाठीची मदत एफ-१ वाल्यांना मिळत नाही, म्हणून तुमचा भार बहुधा पीआयच्या ग्रँटवर पडतो. विषय स्ट्रोकच्या जवळचा असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशनची प्रीडॉक्टरल फेलोशिप नजरेत ठेवा.

गणपतीला घरी जायचा बेत पहिल्या वर्षी सोडून द्या. ते डिसेक्शनचे सगळ्यात गर्दीचे आठवडे. बहुतेक शहरांतली महाराष्ट्र मंडळं उत्सव शनिवार-रविवारी उरकतात, ते जमतं. डिसेंबरात जायचं तर तिकिटाआधी आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे ना, ते पाहून घ्या.