पाच हजारांचा गेम घेताय? डिस्कच घ्या

पीएस५ चे (प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलचे) बरेच मोठे गेम नवे असताना 4,999 रुपयांना पडतात आणि कथा संपली की पडून राहतात. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, डिस्क येते.

1. महिना मोकळा असेल तेव्हाच घ्या, सलग खेळून संपवा.
2. डबी जपा. डिस्क कडेनं धरा. मागं ओरखडा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतंय.
3. सेल लागायच्या आत विका. कोल्हापुरात राजारामपुरीत, रंकाळ्यावर भेटण्यापेक्षा घरी बोलवून कन्सोलवर चालवून दाखवा. घासाघीस बरीच कमी होते.

वर्षानुवर्षं खेळायचा फुटबॉलचा गेम मात्र खुशाल ठेवा, तिथं पैसे वसूल होतात.

एक बघा: पीएस५ च्या डिजिटल एडिशनमध्ये डिस्क घालायची सोय नसते. नव्या स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, जुन्या डिजिटल एडिशनला तो जोडताच येत नाही.