एपोए-१चं वितळण मोजायचंय? आधी त्याचे गठ्ठे सोडवा

वितळण म्हणजे तापवल्यावर प्रथिनाची घडी उलगडणं. पहिल्यांदा मी एपोए-१ची सुकी पावडर थेट बफरमध्ये विरघळवून सीडी यंत्रात (ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून प्रथिनाची घडी दाखवणाऱ्या) लावली. तीन दिवसांत तीन वेगळे आलेख आले. यंत्राला शिव्या घालून झाल्या, दिवाही बदलून झाला. चूक माझीच होती. एपोए-१ हे एचडीएल कणांचं (‘चांगलं कोलेस्टेरॉल’) मुख्य प्रथिन. लिपिड (स्निग्ध पदार्थ) मिळालं नाही की त्याचे रेणू एकमेकांनाच बिलगतात.

म्हणून आता पावडर आधी ३ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये (प्रथिनाची घडी मोडणारं रसायन) ठेवते. साखळी उलगडते, गठ्ठे सुटतात. मग थंडीत १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेटविरुद्ध (पीएच ७.४) डायलिसिस, म्हणजे पडद्याच्या पिशवीतून ग्वानिडीन बाहेर झिरपू देणं, बफर तीनदा बदलून. प्रथिन आपणहून पुन्हा दुमडतं. साखळीत सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल एकही नाही, त्यामुळे चुकीचे डायसल्फाइड बंध जुळण्याची भीती नाही. बफरमध्ये मीठ मात्र घालू नका, २०० नॅनोमीटरच्या खाली क्लोराइडच प्रकाश खातं.

पावडरच्या वजनावरून संहती काढू नका, त्यात क्षार आणि पाणी असतंच. डायलिसिसनंतर २८० नॅनोमीटरला शोषण मोजा: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला सुमारे १.१५. इथली दहा टक्क्यांची चूक हेलिक्सच्या (साखळीच्या मळसूत्री वेटोळ्यांच्या) टक्केवारीत तशीच उतरते. ३५० नॅनोमीटरला शोषण शून्याच्या वर दिसलं तर गठ्ठे उरलेत. नमुना सेंट्रिफ्यूज करा आणि पुन्हा मोजा.

क्युव्हेट १ मिलिमीटरचं, प्रथिन ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी. हेलिक्सचा संकेत जिथे दिसतो त्या २२२ नॅनोमीटरवर नजर ठेवून २० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत मिनिटाला एक अंश तापवा. वितळणाचा मध्यबिंदू ६० अंशांच्या आसपास येईल, पण उतार आळशी, पसरट. लायसोझाइम या प्रथिनाचा डोंगरकड्यासारखा सरळ कोसळणारा आलेख पाहिलेल्यांना वाटतं, नमुना बिघडला. नाही बिघडला. लिपिडभोवती गुंडाळायचं तर या प्रथिनाला पटकन उघडता यायलाच हवं. ते मुळातच सैल आहे. शंका असेल तर परत थंड करून बघा, संकेत जवळपास मूळ जागी यायला हवा.

ग्वानिडीन वाढवत नेलं तर निम्मी घडी साधारण १ मोलरलाच मोडते. हे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या चकाकीवरून (फ्लोरेसन्स) मोजणार असाल तर सांभाळून: चारही ट्रिप्टोफॅन (८, ५०, ७२, १०८) २४३ अमिनो आम्लांच्या साखळीच्या पहिल्या अर्ध्यात आहेत. साखळीच्या लिपिड पकडणाऱ्या शेपटाबद्दल ते थेट काहीच सांगत नाहीत. त्यासाठी मी त्याच नळ्यांचा सीडीसुद्धा घेते.